‘पुश बॅक’ म्हणजे पुढे ढकलणं : इंग्रजी फ्रेजल व्हर्ब मराठी माणसाने कसे शिकावेत

‘वी नीड टू पुश द कॉल बॅक टू फ्रायडे.’ ऐरोली किंवा महापेच्या कुठल्याही ऑफिसात परदेशी क्लायंटकडून कधीही येऊ शकेल असं हे वाक्य. यातले सगळे शब्द पाचवीतल्या मुलालाही माहीत असतात. तरी मराठीत विचार करणारा माणूस इथे हमखास अडखळतो. ‘पुश’ म्हणजे ढकलणं, ‘बॅक’ म्हणजे मागे. मग मीटिंग अलीकडे आली का? नाही, ती लांबणीवर पडली. जी गोष्ट मराठीत आपण पुढे ढकलतो तीच इंग्रजीत मागे ढकलतात. ‘ब्रिंग फॉरवर्ड’चंही तसंच. ऐकताना ‘पुढे आणणं’ वाटतं, आणि अर्थ असतो ठरलेल्या तारखेच्या अलीकडे आणणं. शब्दाला शब्द लावत गेलं की बरोबर उलटा अर्थ हाती येतो.

अशा जोडीला व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. एक साधं क्रियापद आणि त्याच्यामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘डाऊन’, ‘ओव्हर’ असा एखादा छोटा शब्द. कधी छोटे शब्द दोन असतात, जसं ‘पुट अप विथ’. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या लेखनातून रूढ झालं, पण अडचण त्याहून कितीतरी जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जड जातो तो हाच प्रकार. त्यामुळे इथे अडलात म्हणून आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजू नका.

मी ठाण्यात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नर्सचं काम करणाऱ्या मुली येतात, कॉल सेंटरमधले तरुण येतात, मुलं इंग्रजी शाळेत आहेत म्हणून स्वतः शिकायला निघालेल्या आया येतात. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये एक यादी असते. डावीकडे फ्रेजल व्हर्ब, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ, आणि अशा शेकडो ओळी. माझं पहिलं सांगणं असतं की ती यादी बाजूला ठेवा. त्यात दिलेले अर्थ बहुधा चुकीचे नसतात, पण एका जोडीला एकच अर्थ असतो हा त्या यादीचा पायाच चुकीचा असतो.

सुरुवातीलाच एक दिलासा: ही पद्धत तुम्हाला येते

‘लिहिणं’ हे आपलं साधं क्रियापद घ्या. पत्ता लिहून ठेव. निबंध लिहून काढ. मी सांगते ते लिहून घे. तसं असेल तर लिहून दे. चारही ठिकाणी क्रिया लिहिण्याचीच आहे, पण मागच्या शब्दाने अर्थ पार बदलला. ‘लिहून ठेव’मध्ये विसरू नये म्हणून जपण्याचा भाव आहे. ‘लिहून काढ’मध्ये सगळं, शेवटपर्यंत. ‘लिहून घे’मध्ये दुसऱ्याचं बोलणं आपल्याकडे येतं, आणि ‘लिहून दे’मध्ये तर सरळ जबाबदारीच अंगावर येते. ‘रागाच्या भरात बोलून गेला’ म्हणतो तेव्हा कोणी कुठे गेलेलं नसतं. ‘जेवण संपवून टाक’मध्ये काही टाकायचं नसतं.

आणखी एक उदाहरण रोजचं आहे. ठाणे स्टेशनात ‘गाडी लागली’ म्हटलं की लोक धावतात, आणि घाटात ‘तिला गाडी लागली’ म्हटलं की पिशवी आणि लिंबू शोधतात. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. प्रसंग बघून अर्थ लावायची सवय कानाला आपोआप लागली.

इंग्रजी जोड्याही बऱ्याच अंशी अशाच चालतात. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं. ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेवणं. ‘फाइंड आऊट’ म्हणजे शोधून काढणं. ‘सिट अप’ म्हणजे उठून बसणं. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून टाकणं. ‘अप’ला मराठीत ‘वर’ म्हणतात हे इथे कामाला येत नाही. ‘टाकणं’ वाक्यात जे काम करतं तेच ‘अप’ करतो आहे, हे लक्षात आलं की खूप काही सुटं होतं. माझी सगळी पद्धत यावरच उभी आहे: छोट्या शब्दाचा अर्थ विचारू नका, तो काय काम करतो ते बघा.

पायरी १: जोडी आहे की नाही, ते आधी ओळखा

क्रियापद आणि ‘अप’ शेजारी आले म्हणून दर वेळी फ्रेजल व्हर्ब होत नाही. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला, सरळ अर्थ. ‘ही रॅन अप अ ह्यूज बिल’ म्हणजे त्याने भलंमोठं बिल करून ठेवलं. दोन्हींत ‘रॅन अप’ आहे. फरक कळण्यासाठी वाक्याला ‘कुठे?’ विचारा. कुठे धावला? टेकडीवर. उत्तर मिळालं, म्हणजे साधं वाक्य. कुठे धावला? बिलावर. हे काही जुळत नाही, म्हणजे ती जोडी आहे आणि अर्थ वेगळा शोधायचा आहे.

ऐकताना आणखी एक खूण मिळते आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. फ्रेजल व्हर्बमध्ये बोलणारा माणूस छोट्या शब्दावर जोर देतो. ‘शी टर्न्ड इट डाऊन’ म्हणताना ‘डाऊन’ ठणठणीत ऐकू येतो. ‘लुक ॲट’, ‘लिसन टू’ यांतले ‘ॲट’ आणि ‘टू’ मात्र पुटपुटल्यासारखे निघून जातात. कुठल्याही मुलाखतीचा व्हिडिओ लावून फक्त हा जोर ऐका. थोड्या सरावाने कान तयार होतो.

नाम झालं की जोर जागा बदलतो. ‘द बस ब्रोक डाऊन’मध्ये जोर ‘डाऊन’वर, तर ‘ब्रेकडाऊन’ या नामात ‘ब्रेक’वर. आपल्या बोलण्यात अशी नामं आधीच भरपूर आहेत: चेकअप, बॅकअप, फॉलोअप, हँडओव्हर, कटऑफ, वर्कआऊट. यांची क्रियापदं लिहिताना मात्र दोन शब्द सुटे लिहायचे असतात. ‘प्लीज लॉग इन’मध्ये ‘लॉग’ आणि ‘इन’ वेगळे, आणि ‘लॉगिन आयडी’मध्ये एकत्र. ऑफिसच्या ईमेलमध्ये ही गल्लत इतकी दिसते की तेवढी सुधारली तरी लिखाण नीटनेटकं वाटायला लागतं.

पायरी २: कोश उघडण्याआधी शेजारी बघा

‘टर्न डाऊन’ घ्या. टीव्हीचा आवाज टर्न डाऊन केला म्हणजे कमी केला. नोकरीची ऑफर टर्न डाऊन केली म्हणजे नाकारली. क्रिया कशावर होते आहे एवढंच पाहिलं तरी अर्थ कळतो. आवाज नाकारता येत नाही, आणि ऑफर हळू करता येत नाही.

‘पिक अप’ची व्याप्ती तर आणखी मोठी आहे. मुलाला शाळेतून पिक अप केलं, म्हणजे आणलं. फोन पिक अप केला, म्हणजे उचलला. कोपरखैरण्यात राहून आगरी बोली पिक अप केली, म्हणजे कानावर पडून शिकली. येताना दूध पिक अप केलं, म्हणजे घेऊन आला. आणि ‘बिझनेस इज पिकिंग अप’ म्हटलं तर धंदा वर यायला लागला. या शेवटच्या वाक्यात कर्मच नाही, धंदा स्वतःच कर्ता आहे. कर्म नसणं हीसुद्धा मोठी खूण असते. ‘वर्क आऊट’चं तसंच: ‘शी वर्क्स आऊट एव्हरी मॉर्निंग’ म्हणजे व्यायाम करते, ‘शी वर्क्ड आऊट द कॉस्ट’ म्हणजे खर्चाचा हिशेब काढला, आणि ‘थिंग्ज वर्क्ड आऊट’ म्हणजे सगळं जमून आलं.

माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त गोंधळवणारी जोडी ‘गो ऑफ’. ‘ऑफ’ म्हणजे बंद हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ला ते चालतंही, दिवे गेले. पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. बंद झाला नाही, उलट सुरू झाला. बॉम्ब ‘गोज ऑफ’ तेव्हा फुटतो. ब्रिटिश बोलण्यात दूध ‘गोज ऑफ’ तेव्हा नासतं. चार वेगळे अर्थ पाठ करण्यापेक्षा चार वाक्यं ऐकून ठेवा: दिवे, अलार्म, बॉम्ब, दूध. समोर कोणती वस्तू आहे ते दिसलं की अर्थ आपोआप ठरतो.

अंदाज बांधताना वाक्य चांगली बातमी सांगतंय की वाईट, एवढंही बघा. ‘द डील फेल थ्रू, सो ही इज अपसेट.’ मागचं ‘अपसेट’ सांगतंच आहे की सौदा फिसकटला.

पायरी ३: छोट्या शब्दांचा कल

इथे थोडं थांबू, कारण खरा फायदा इथेच आहे. क्रियापदं असंख्य आहेत, पण मागे येणारे शब्द मोजकेच. त्या प्रत्येकाचा एकेक कल असतो. हा नियम नाही, कल आहे, हे विसरू नका.

‘अप’चे तीन मुख्य कल धरा. पहिला पूर्ण होण्याचा, आपल्या ‘टाकणं’सारखा: ‘यूज अप’ संपवून टाकणं, ‘क्लीन अप’ साफ करून टाकणं, ‘फिल अप’ काठोकाठ भरणं. दुसरा वाढण्याचा: ‘स्पीड अप’ वेग वाढवणं, ‘स्पीक अप’ मोठ्याने बोलणं, भाजीचे भाव ‘गो अप’ होणं. तिसरा समोर येण्याचा: ‘टर्न अप’ आणि ‘शो अप’ म्हणजे हजर होणं, ‘कम अप’ म्हणजे अचानक काही उद्भवणं, ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणं. मुलांना वाढवणंही ‘ब्रिंग अप’च, आणि ते दुसऱ्या कलात बसतं. नवी ‘अप’वाली जोडी दिसली की या तिघांपैकी कुठला कल लागू पडतो ते आधी पाहा. बऱ्याचदा एक बसतो.

‘ऑफ’चा मूळ भाव सुटून वेगळं होण्याचा. पायातले बूट ‘टेक ऑफ’, जमिनीपासून विमान ‘टेक ऑफ’, कामापासून सुटलेला दिवस ‘टेक अ डे ऑफ’. प्रवासाला निघताना घरापासून सुटतो म्हणून ‘सेट ऑफ’. कुणाला स्टेशनवर निरोप द्यायला जाणं ‘सी ऑफ’, आणि मुलाला शाळेपाशी सोडणं ‘ड्रॉप ऑफ’. याच कुटुंबातल्या दोन जोड्यांमध्ये घोळ झाला तर महाग पडतो: ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं. सामना ‘कॉल्ड ऑफ’ झाला तर तो संपला. ‘पुट ऑफ’ झाला तर पुन्हा होणार आहे, तिकीट जपून ठेवा.

‘आऊट’मध्ये आतली गोष्ट बाहेर येते. त्यातून उघड होण्याचा अर्थ येतो: ‘फाइंड आऊट’ माहिती काढणं, ‘फिगर आऊट’ उलगडा करणं, ‘टर्न आऊट’ शेवटी असं निघणं. दुसरीकडे, सगळं बाहेर आलं की आत काही उरत नाही, म्हणून संपण्याचाही अर्थ: ‘वी हॅव रन आऊट ऑफ गॅस’ म्हणजे गॅस संपला, ‘सोल्ड आऊट’ म्हणजे एकही शिल्लक नाही. आणि हातातून बाहेर जाणं म्हणजे वाटणं: ‘हँड आऊट’.

‘डाऊन’ कमी करतो, थांबवतो आणि कागदावर उतरवतो: ‘कट डाऊन ऑन शुगर’, ‘शट डाऊन’, ‘राइट डाऊन’. ‘ऑन’ चालू ठेवतो: ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’. ‘ओव्हर’ एका हातातून दुसऱ्या हातात देतो: ‘हँड ओव्हर’, ‘टेक ओव्हर’. ‘लुक ओव्हर’ म्हणजे कागदावरून नजर फिरवणं. पण ‘ओव्हर’ पुढे चिकटून ‘ओव्हरलुक’ झालं की अर्थ होतो नजरेतून सुटणं. कामाच्या ठिकाणी या दोघांची अदलाबदल अजिबात परवडणारी नाही.

काही ठिकाणी हे कल एकमेकांशी भांडतात. फॉर्म ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आऊट’ करा, भरायचा तोच असतो. ब्रिटिश लोक पहिलं जास्त म्हणतात, अमेरिकन दुसरं. घर ‘बर्न्स डाऊन’ आणि कागद ‘बर्न्स अप’, दोन्ही जळूनच जातात. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, आणि तिथपर्यंत पोचायला ‘अप’चा कुठलाही कल उपयोगी पडत नाही. अशा जोड्या सरळ पाठ करा. त्यांच्यात तर्क शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

पायरी ४: ‘इट’ कुठे ठेवायचं

अर्थ कळला तरी वाक्य बनवताना अडतं ते इथे. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’, दोन्ही बरोबर. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की एकच रचना चालते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ यांनाही हाच नियम: ‘पिक हर अप’, ‘थ्रो देम अवे’. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी ठेवलेलं बरं, नाहीतर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघत राहतो.

दुसऱ्या प्रकारच्या जोड्या फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक भेटणं. इथे ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं, ‘लुक हर आफ्टर’ नाही. ‘पुट अप विथ’, ‘रन आऊट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ अशा बहुतेक तीन शब्दी जोड्याही अखंडच राहतात. ‘लुक फॉरवर्ड टू’बद्दल एक सूचना वेगळी, कारण प्रत्येक ईमेलच्या शेवटी ती लागते: तिच्यामागे ‘टू मीट’ नाही, ‘टू मीटिंग यू’ येतं.

कोणती जोडी फुटते हे कसं कळणार? शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. नोंदीत ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ कुठे छापलंय ते पाहा. ‘पुट समथिंग ऑफ’ असं मधे दिसलं तर जोडी फुटते. ‘लुक आफ्टर समबडी’ असं शेवटी दिसलं तर फुटत नाही. लाँगमनच्या कोशात फुटणाऱ्या जोडीत दोन्हीकडे टोकं असलेला बाणही दिलेला असतो. कोशात दोन्ही शब्द एकत्र टाइप करा. नुसतं ‘पुट’ शोधलंत तर हाती लागणारा अर्थ तुमच्या कामाचा नसेल.

पायरी ५: वहीत प्रसंग लिहा

‘गेट’च्या सगळ्या जोड्या एका पानावर, ‘टेक’च्या दुसऱ्या पानावर, ही पुस्तकी पद्धत मला पटत नाही. ‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’, ‘गेट अवे’ एकाखाली एक लिहिले की ते एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी प्रसंगाप्रमाणे पान करा.

फोनचं पान असं होईल. बाहेरगावची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि आवाज तुटायला लागला: ‘यू आर ब्रेकिंग अप.’ कॉलच तुटला: ‘वी गॉट कट ऑफ.’ परत लावते: ‘आय विल कॉल यू बॅक.’ थांबा जरा: ‘होल्ड ऑन.’ लाइनच लागत नाही: ‘आय कान्ट गेट थ्रू.’ फोन ठेवला: ‘ही हंग अप.’ सगळी एकाच प्रसंगातली आहेत, म्हणून एकमेकांना धरून राहतात.

प्रवासाच्या पानावर एक बारीक फरक नोंदवा. लोकल आणि बसमध्ये चढणं-उतरणं ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. रिक्षा किंवा कारमध्ये ‘गेट इन’ आणि ‘गेट आऊट’. सानपाड्याला ट्रेनमधून ‘गेट ऑफ’ करायचं आणि पुढे रिक्षात ‘गेट इन’.

दवाखान्याचं पान परदेशात काम करू इच्छिणाऱ्या नर्सना फार महत्त्वाचं, कारण पेशंट पुस्तकातले शब्द बोलत नाहीत. उलटी झाली तर ते ‘व्हॉमिट’पेक्षा ‘थ्रो अप’ म्हणतील. बेशुद्ध पडले तर ‘पास्ड आऊट’. ताप-सर्दीने आजारी पडले तर ‘केम डाऊन विथ फ्लू’. गोळीचा परिणाम उतरला तर ‘द पेनकिलर हॅज वॉर्न ऑफ’. हे शेवटचं वाक्य नीट कळलं नाही तर पेशंट वेदना सांगतोय हेच नर्सला कळणार नाही.

प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात असू द्या आणि वाक्य तुमच्या घरातलं, इमारतीतलं, ऑफिसातलं असू द्या. नुसता मराठी अर्थ लिहू नका. लिहायचाच असेल तर अख्ख्या वाक्याचं मराठी लिहा, आपण ते खरोखर जसं बोलू तसं.

पायरी ६: आपल्याकडच्या सवयी तपासा

भारतात चालणाऱ्या काही जोड्या बाहेर वेगळ्या ऐकू येतात. ‘आय पास्ड आऊट इन ट्वेंटी एटीन’ हे आपल्याकडे पदवीबद्दल सर्रास म्हणतात. ते आकाशातून पडलेलं नाही, लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या कॅडेटना इंग्रजीत ‘पास आऊट’ म्हणतात, खडकवासल्याच्या एनडीएतली ‘पासिंग आऊट परेड’ त्यातलीच. पण अमेरिकन माणूस या वाक्यातून तुम्ही बेशुद्ध पडलात असं समजेल. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हेही इथलंच. बाहेर ‘पुट समवन अप’ म्हणजे पाहुण्याला काही दिवस घरी राहू देणं, त्यामुळे कायमचा पत्ता विचारायला ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ बरं.

‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका, ‘कोप विथ’ एवढंच असतं. ‘डिस्कस अबाऊट’मधला ‘अबाऊट’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही नको. मराठीत ‘बंद करणं’ सगळ्याला चालतं, म्हणून ‘क्लोज द लाइट’ तोंडात येतं. दिव्याला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणा. ‘प्रिपोन’ हा शब्द भारतात बिनधास्त वापरा, सगळ्यांना कळतो. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह अप’ वापरा.

पायरी ७: कुठे वापरायचं, कुठे नाही

आपल्या शाळांनी आपल्याला ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘एक्स्टिंग्विश’ शिकवलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तिथल्या दरबाराची आणि कायद्याची भाषा झाली, आणि त्या वाटेने, शिवाय पुढे विद्वानांच्या लॅटिनमधून, असे भारदस्त शब्द इंग्रजीत आले. घरात आणि बाजारात मात्र जुनी इंग्रजी क्रियापदंच राहिली. म्हणून आजही लेखी अर्जात ‘पोस्टपोन’ शोभतं, आणि बोलताना लोक ‘पुट ऑफ’ म्हणतात. तसंच ‘टॉलरेट’ला ‘पुट अप विथ’, ‘इन्व्हेस्टिगेट’ला ‘लुक इंटू’, ‘एक्स्टिंग्विश’ला ‘पुट आऊट’. आपल्याला कठीण शब्द येतो आणि सोपा येत नाही, याचं कारण हे आहे. बँकेला पत्र लिहिताना शाळेतले भारदस्त शब्दच ठेवा. सहकाऱ्याशी गप्पा मारताना त्यांच्या जागी जोड्या येऊ द्या.

ऑफिसातल्या काही जोड्या दिसतात त्याहून वजनदार असतात. ‘आय विल लुक इंटू इट’ म्हणजे मी चौकशी करेन, काम झालं असं नाही. ‘साइन ऑफ ऑन द डिझाइन’ म्हणजे अधिकृत मंजुरी देणं. ‘बॅक आऊट’ म्हणजे शब्द देऊन माघार घेणं. ‘पुश बॅक ऑन’ म्हणजे आक्षेप घेणं. ‘ऑन’ आला की तारखेचा विषय राहिलाच नाही. ‘ले ऑफ’ म्हणजे कामावरून कमी करणं, ‘टेक ऑन’ म्हणजे कामावर घेणं किंवा जबाबदारी पत्करणं.

समजलं नाही तर तिथल्या तिथे विचारा, पण ‘व्हॉट?’ म्हणू नका. जे समजलं ते आपल्या शब्दांत परत बोला: ‘सो यू मीन इट इज कॅन्सल्ड?’ समोरचा एक तर ‘येस’ म्हणेल किंवा लगेच दुरुस्त करेल. तारीख-वेळेचा प्रश्न असेल तर दिवस आणि तारीख दोन्ही म्हणवून घ्या. क्लायंटच काय, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ‘मूव्ह द मीटिंग फॉरवर्ड’ ऐकून कधी कधी वेगवेगळे दिवस धरतात, म्हणून ही खात्री करून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

सराव

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाणाऱ्यांकडे रोज साधारण अर्धा तास असतो. त्यात नवं काही वाचू नका. एकच प्रसंगाचं पान उघडा आणि वाक्यं मनात म्हणा, जमलं तर ओठ हलवून म्हणा. आठवड्याला एक पान पुरे. दुसऱ्या आठवड्यात त्याच पानावरच्या कर्मांच्या जागी ‘इट’ आणि ‘देम’ घालून वाक्यं फिरवा. पायरी ४ हाताखालून गेल्याशिवाय पक्की होत नाही.

ऐकण्यासाठी दिवसातून दोन-तीन मिनिटांचा एखादा तुकडा घ्या. पाककृतीचे व्हिडिओ उत्तम, कारण ‘कट अप’, ‘हीट अप’, ‘टर्न डाऊन द फ्लेम’, ‘टेक ऑफ द लिड’ ऐकताना हात काय करतोय ते समोर दिसत असतं. पहिल्यांदा सबटायटल न लावता ऐका, मग लावून ऐका, आणि फक्त छोट्या शब्दांवर खूण करा.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्यासोबत एक खेळ खेळता येतो. तुम्ही मराठीत म्हणा, ‘खाऊन टाक’, ‘उठून बस’, ‘लिहून घे’, आणि त्याने इंग्रजी जोडी सांगायची. मग उलटं. मुलं ‘हँड इन युअर होमवर्क’, ‘रब इट आऊट’ अशी शाळेतली वाक्यं आणतात, जी मोठ्यांच्या पुस्तकात सापडत नाहीत.

बोलताना वापरायला सुरुवात करायची तर आधी त्या जोड्या घ्या ज्या तुम्ही लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकल्या आहेत. नुसती वाचलेली जोडी लगेच बोलण्यात आणू नका, तिची जागा चुकते. ‘पुट डाऊन’चंच बघा. ‘पुट डाऊन माय नंबर’ म्हणजे माझा नंबर लिहून ठेव, ‘ही पुट मी डाऊन’ म्हणजे त्याने मला चारचौघांत कमी लेखलं, आणि आजारी कुत्र्याबद्दल ‘वी हॅड टू पुट हिम डाऊन’ म्हटलं तर त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. ही जोडी तिन्ही प्रसंगांत कानावर पडेपर्यंत ‘राइट डाऊन’नेच काम भागवा.